सखू पळाली तो दिवस

आमच्या वडगावात लाइट गेली की आधी कान सुन्न व्हायचे. गल्लीतले सगळे माग एका श्वासात थांबत. दिवसभर खटाक्-खटाक् करत इकडून तिकडे पळणारे धोटे जिथल्या तिथे थबकत, अर्ध्या विणलेल्या साड्यांवर उन्हाचा एक आडवा पट्टा येऊन पडे, आणि त्या पट्ट्यात सुताची धूळ सोन्याच्या भुग्यासारखी तरंगत राही… अशी शांतता, की सांबऱ्याच्या विमानतळावर पायलट शिंकला तर आमच्या गल्लीतली म्हातारी इथून ‘शतंजीव’ म्हणायची. खोटं वाटत असेल तर वाटू दे. ती म्हातारी आता नाही, आणि तो पायलटही काही साक्ष द्यायला येणार नाही.

त्या दिवशी अशीच लाइट गेली. पौषातली सकाळ कलत आलेली, थंडी अंगाला बोचणारी नव्हे तर धुवट दुलईसारखी मऊ. खळीचा आंबूस वास, मागाच्या तेलाचा वास, कुणाच्या तरी चुलीवर भाजत्या वांग्याचा वास, हे सगळे एकमेकांत मिसळून दारात रेंगाळत होते. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तयार साड्या घेऊन खडेबाजारात गेले होते. मी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होते. माझी थोरली बहीण, आक्का, मागावर उभी होती. तिचं नाव सखू. मी सोडून सगळी गल्ली तिला सखूच म्हणे.

आक्का कशी पळायची ते सांगायचं तर माझ्या जिभेला आवरावं लागेल. शाळेच्या शर्यतीत ती इतकी पुढे असायची, की दुसऱ्या नंबरची पोरगी दोरीला लागेपर्यंत आक्का घरी येऊन चहा टाकायची. बरं, चहा राहू दे. पण दप्तर भरून उभी असायची, हे मात्र खरं. तिच्या मनात एकच होतं… सरकारी क्रीडा हॉस्टेलात जायचं. रोज पळायचं, रोज दूध-अंडी खायची, आणि पायात काट्यांचे बूट घालायचे. आणि आप्पांच्या मनातही एकच होतं. दहावी झाली की दुसरा माग सखूनं बघायचा.

“पळून काय मिळतंय गं?” आप्पा म्हणायचे. “आमचा धोटा बघ की. जल्मभर पळतोय. गेलाय का कुठं?”

यावर सगळे हसत. आक्काही हसे. पण ती धोट्याकडे बघत नसे.

तर, लाइट गेली. आक्कानं हात पुसले, दाराबाहेर डोकावली आणि म्हणाली, “चल.”

“कुठं गं?”

“कुठं न्हाय. पळूया.”

“आप्पा आले म्हंजे?”

“आप्पा यायच्या आत लाइट येत न्हाय, आणि लाइट यायच्या आत आपण येतोय. ऊठ की, म्हशी!”

परकर खोचून आम्ही निघालो ते येळ्ळूरच्या दिशेनं. भाताची कापणी होऊन गेली होती, मोकळ्या रानांत मसूर आणि हरभरा हातभर उठला होता. बांधावरून पळताना हरभऱ्याची आंब पोटऱ्यांना लागे आणि ओरखडे चुरचुरत. मग ओढा, मग लाल मुरमाचा चढ, आणि चढाच्या माथ्यावर ते रान. नीलगिरी, काजू, खाली करवंदीच्या जाळ्या. रान तसं लहानच. पण माझ्या आठवणीत ते थेट गोव्यापर्यंत पसरलेलं आहे आणि मी ते आता कमी करणार नाही. पानांमधून ऊन गाळून खाली येत होतं. वाळक्या पानांचा चुरा तळव्यांखाली कुरकुरत होता, नीलगिरीचा थंडगार, औषधी वास छातीत थेट कुठवर जात होता कोण जाणे… आक्का पुढे होती. तिची वेणी सुटली होती. ती पळत नव्हती. कुणीतरी तिला वरून हलकेच धरून नेत होतं, आणि तिचे पाय केवळ उपचार म्हणून जमिनीला लागत होते.

वळणावर एकदम पोरं दिसली. पांढऱ्या बनियनमधली, धापा टाकणारी, रांगेनं धावणारी, कुठल्यातरी शाळेची. मागे सायकलवर एक मास्तर, गळ्यात शिट्टी. आम्ही थांबायला हवं होतं. पण आक्काच्या अंगात काय संचारलं देव जाणे. ती बाजूच्या पालापाचोळ्यातून त्या रांगेला वळसा घालत सुटली, एकेका पोराला मागे टाकत, आणि मी जाळीतून आडवाट काढून तिच्या मागे. रांगेतला पहिला पोरगा ओरडला, “ए, कोण गं तू?” तोवर ती दिसेनाशी झाली होती.

तेव्हाच मागून हाक आली. घोगरी, वाऱ्यानं तुटलेली.

“सखूऽ! सखूऽ!”

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. “वळखीचा कोणतरी हाय गं! आप्पांच्या कानावर जातंय आता. पळ!”

आणि मग ती खरी पळाली. आधीचं सगळं नुसतं चालणं होतं म्हणा. हाक एकदा आणखी आली, मग आलीच नाही. आम्ही पलीकडच्या उतारावर करवंदीच्या जाळीत पालथ्या पडलो, छाती मातीवर धडधडतेय, आणि हसू आवरेना. आक्का इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बघितलास का त्या पोराचं त्वांड?” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. घरी आलो तर लाइट आलेली नव्हती. आप्पांना कधीच काही कळलं नाही. इतकं सुखाचं हसू मी पुन्हा कधी हसले नाही, आणि यात तिळाइतकी अतिशयोक्ती नाही.

उन्हाळ्यात आम्ही दोघी खडेबाजारात तेल आणायला गेलो होतो. दुकानदार बाटलीत तेल ओतत होता आणि आमच्या पुढचा माणूस हात आडवा करून म्हणत होता, “साकु, साकु.” पुरे, पुरे. हा कानडी शब्द आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. तो माणूस वळला. गळ्यात शिट्टी नव्हती, पण तोच.

“अय्यो! तू त्या रानातली हुडुगी, पळणारी पोरगी, न्हवं का?” कानडी वळणाच्या मराठीत तो म्हणाला. “किती वरडलो मी! साकु, साकु, थांब म्हणून. पोरांची धाव तिथंच संपत होती. तुझं नाव लिहून घेणार होतो हॉस्टेलला. थांबली का न्हाईस गं?”

तेलाची बाटली आक्कानं दोन्ही हातांनी धरली होती.

“आता निवड झाली की. पुढच्या वर्षी वय बसत न्हाय,” मास्तर हळहळला. “येळ्ळुरात इचारलं, मच्छ्यात इचारलं. कुणाची म्हणून सांगावं कुणी? नाव काय तुझं?”

“सखू,” आक्का म्हणाली. “माझं नावच सखू हाय, सर.”

मास्तर बघतच राहिला. मग त्याला उमगलं. तो मान हलवत गर्दीत मिसळला.

परत येताना आक्का एवढंच म्हणाली, “आप्पास्नी सांगू नको. हसतील. आणि हसले न्हाईत तर जास्तच वाईट वाटंल.”

मला अजून वाटतं, आप्पांनीच नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. निदान रागवायला एक माणूस तरी मिळाला असता. इथं रागवायचं कुणावर? एका कान्यावर? वाऱ्यावर? का आपल्या नावाची हाक आपल्याला आधी ऐकू येते, त्यावर? दहावीनंतर आक्का मागावर उभी राहिली आणि पुढं सासरी शहापूरलाही मागावरच. आता माग नाहीत. गुडघेही फारसे राहिलेले नाहीत.

थंडीच्या दिवसांत माझी नातवंडं येतात तेव्हा आक्कालाही मी बोलावून घेते. आम्ही अंगणात उन्हाला बसतो, ओला हरभरा सोलतो, आणि पोरं गोष्ट मागतात. मी ही गोष्ट सांगते. पण माझ्या गोष्टीत आक्का थांबते. मास्तर नाव लिहून घेतो. ती बेंगळूरला जाते, काट्यांचे बूट घालते, आणि मोठ्या मैदानावर अशी काही पळते की बघणाऱ्यांच्या टोप्या उडतात. पहिला नंबर!

आक्का इतकी वर्षं हे खाली मान घालून ऐकत आली. परवा मात्र पोरं खेळायला पळाल्यावर हळूच म्हणाली, “पहिला नगं म्हणूस गं. कोण इस्वास ठेवंल? दुसरा म्हण.”

तेव्हापासून माझ्या गोष्टीत आक्का दुसरी येते.