सात वर्षांचा करार

शारजामधल्या आमच्या टायपिंग सेंटरमध्ये बसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी आठ वर्षांत विचारलेलं नाही. आमचे व्हिसाचे सगळे अर्ज तेच भरतात. मूळचे रत्नागिरीचे. दोन बोटांनी टाइप करतात, कागद पुरा झाला की "खलास" म्हणतात आणि कुणाचाही मजकूर न सुधारता सोडत नाहीत.

परवा मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. सातवीच्या हिस्टरी प्रोजेक्टसाठी तिने वसाहतकाळातल्या अमेरिकेतल्या एका नोकराचा करार लिहिला होता, तो टाइप करून हवा होता. जहाजाचं भाडं मालकाने भरायचं, बदल्यात नोकराने सात वर्षं राबायचं, परवानगीशिवाय घर सोडायचं नाही, लग्न करायचं नाही.

शेवटची ओळ झाली तरी त्यांचं "खलास" आलं नाही. बोटं चालूच होती.

"एक कलम राहिलं होतं," ते म्हणाले. "पासपोर्ट मालकाकडे राहील. आपण कागदावर लिहीत नाही, पण शाळेचं काम पुरं असलेलं बरं."

मुलगी हसली. "अंकल, दे डिडन्ट हॅव पासपोर्ट्स."

"मग पळून जात असतील," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्या कामवाल्या बाईचा पासपोर्ट तुमच्या कपाटातच आहे ना? व्हिसा संपत आलाय, घेऊन या."

मुलीचं हसू गेलं.

"आई, हाऊ मेनी इयर्स हॅज मावशी बीन विथ अस?"

त्यांनीच प्रिंट काढता काढता सांगितलं, "आठ."