रीड रीड रीड म्हणणाऱ्यांची सभा

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाने वावरात पत्रे टाकून का उघडलेली असेना. माझी ताई मालेगाव तालुक्यातल्या अशाच एका कॉन्व्हेंटात पाचवीला इंग्रजी शिकवायची. आम्ही दोघं वाचायला शिकलो ते बाबांनी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मैदानातून आणलेल्या पातळ पुस्तिकांवर. त्या मोठ्याने वाचायच्या असा घरचा नियम होता, आणि एक शब्द चुकला तर बाबा सबंध पान पुन्हा वाचायला लावत. ताईला चुकीचा उच्चार खपत नाही तो तेव्हापासून.

वर्गात तिने एवढंच सांगितलं होतं की इंग्रजीत ‘वाचणे’ या क्रियापदाचं स्पेलिंग भूतकाळात तेच राहतं, उच्चार बदलतो. आज वाचतो ते रीड, काल वाचलं ते रेड. पोरं घरी जाऊन तसं म्हणाली, आणि गावाने असं तोंड केलं जणू कोणी देऊळ बाटवलं. शनिवारी पालकसभा बोलावली. ताईला घ्यायला मी गाडी घेऊन गेलो होतो, मग मागच्या बाकावर बसलो.

पांढऱ्या कपड्यांतला एक बाप उठला. “मॅडम, आमचा पोट्टा घरी रेड रेड करून राह्यला. रेड म्हंजे लाल, एवढं मलेबी समजते.”

“त्याचं स्पेलिंग वेगळं आहे,” ताई म्हणाली.

“आमीबी शिकलो ना इंग्रजी! कट कट कट, पुट पुट पुट, रीड रीड रीड. गुरुजी छडी घेऊन म्हनून घेत. ते काय आमाले खोटं शिकवत व्हते?”

साऱ्या खोलीने माना डोलावल्या. या माणसांनी शाळा सोडल्यापासून इंग्रजीची एक ओळ वाचली नव्हती. पाढ्यांच्या चालीवर घोकलेली ती तीन-तीन रूपं एवढीच त्यांची विद्या, आणि तिच्यावर त्यांचा सातबारा असल्यासारखा हक्क.

“मॅडम कोट्यातून लागल्या असतीन,” पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. लोक हसले. या शाळेला सरकारचं अनुदान नाही, इथे कोटा कुठून येणार? पण तेवढा विचार कोण करतो! त्यांना आमचं आडनाव पुरलं.

ताईने मुख्याध्यापिकेला, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांच्या सुनेला, मोबाईलवर शब्दकोश काढून भूतकाळाचा उच्चार लावायला सांगितलं. मोबाईलमधली बाई स्वच्छ म्हणाली, रेड. पुन्हा दाबलं, पुन्हा रेड. मला वाटलं, संपलं. मी भाबडाच.

अध्यक्ष उठले. “मोबाईलची बाई अमेरिकेची हाय. तिले काय आपल्या गावात राह्यचं हाय?” टाळ्या पडल्या. मग आवाज उतरवून ते ताईला म्हणाले, “मॅडम, सोमवारी वर्गात सांगून टाका, दोन्ही बराबर हाय. पालकायचा मान राह्यते, तुमची नोकरीबी राह्यते.”

“दोन्ही बरोबर नाही, सर.”

“विचार करा. घाई नाही.”

परतताना मेडशी फाट्यावर मी गाडी थांबवली. “तू आजच राजीनामा दे. मी पत्रक काढतो, गावोगाव वाटतो.”

“राजीनामा कायले देऊ? चूक माही हाय काय? काढायचं असन तर त्यायनं काढावं.” ती मागच्या सीटवरून उतरलीसुद्धा नाही. “अन् पत्रकात पयले शुद्धलेखन पाह्य.”

सोमवारी तिने वर्गाकडून रीड, रेड, रेड म्हणून घेतलं, खिडक्या उघड्या ठेवून. आठवड्याच्या आत तिला कळवण्यात आलं की आता गरज नाही. तिच्या जागी गावातलेच एक ट्यूशनवाले सर लागले. ते रीड शिकवतात. पालक खूश आहेत. अडाणीपणाची मला चीड नाही. तो माझ्या आजोबांच्याही वाट्याला आला होता आणि ते तो सांगताना लाजत. या लोकांनी मात्र अडाणीपणाला मान म्हटलं आणि त्याची फी भरून पावती घेतली.

दिवाळीनंतर पुढच्या रांगेतली ती बाई आमच्या दारी आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. सोबत मुलगा नव्हता, नुसता प्रस्ताव होता.

“मॅडम, आमच्या पोट्ट्याले घरी येऊन शिकवान काय? त्या सरले काईच येत नाही. सभेतलं मनावर नका घेऊ. फक्त कोनाले सांगू नका.”

मी काही बोलणार, तेवढ्यात ताई पुढे झाली. “शिकवतो ना. पन ‘त्या सरले येत नाही’ हे तुमी पयले सभेत उठून बोला. मंग पोट्ट्याले इथं घेऊन या, आमच्या घरात.”

बाई हसली, ताईने थट्टा केली असावी असं समजून. मग ती थट्टा नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने पदर सावरला.

त्यानंतर पालकसभा झाली. काय काय झालं ते मी एका पालकाला विचारलं. गॅदरिंगच्या ड्रेसचा रंग ठरला, म्हणे. त्या सरांचा विषय कोणीच काढला नाही.