वाढवलेला वेग

निवृत्त झाल्यापासून बाबा रोज दुपारच्या चहानंतर कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात. कॉम्प्युटर जुना, सुटे भाग आणून मीच जोडलेला. त्यानं प्रत्येक चाल पंधरा सेकंदांत खेळायची, हा बाबांचा नियम. आठवड्यातले तीन-चार डाव ते मारायचे आणि जिंकल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात, आईच्या दुधाच्या खाड्यांशेजारी, बरोबरची खूण करायचे. आमच्या घरात हा नुसता खेळ नव्हता. वैरागचे माझे थोरले काका शेवटची काही वर्षं पोटच्या पोरांनाही ओळखत नव्हते. आपलंही तसंच होणार, ही धास्ती बाबांच्या मनात घर करून बसली होती. खूण केली म्हणजे आज डोकं शाबूत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या थंडीत मला नसता उद्योग सुचला. प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, असं कुठंतरी वाचलं होतं. मदरबोर्ड जुना असला तरी त्यात ती सोय होती. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबलं आणि निळ्या पडद्यावरचे आकडे थोडे थोडे वाढवत नेले. दोनदा मशीन बसलं, तिसऱ्यांदा तगलं. तापू नये म्हणून कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावला. इकडे आईची शिस्त अशी की धूळ बसू नये म्हणून कॉम्प्युटरवर चादर टाकायची. सोलापुरात पांघरूण घातल्याशिवाय वस्तूची काळजी घेतल्यासारखं वाटतच नाही कुणाला! मशीन दोन वेळा तापून बंद पडलं, तेव्हा कुठं भांडून ती चादर हटवली. बाबांना मात्र मी काहीच सांगितलं नाही. त्यांना त्यातलं काय कळणार, असा माझा तोरा.

संक्रांतीनंतर कॅलेंडरातल्या खुणा विरळ झाल्या, मग थांबल्याच. बाबा जेवताना बोलेनासे झाले. संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावर जायचंही त्यांनी सोडलं. एके दिवशी चहाचा कप तसाच ठेवून मला म्हणाले, "डोकं चालंना झालंय बघ. दादाचं असंच सुरू झालतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेकंद पंधराच, पण वेग वाढल्यामुळं तेवढ्यात मशीन आता आणखी पुढच्या चाली बघत होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क हसलो. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"आणि मला येड्यात काढत बसलास व्हय!" बाबा कडाडले. पण चेहरा खुलला होता. त्यांच्यासमोरच मी सगळे आकडे मूळ जागी आणले. त्या दिवशी ते कट्ट्यावर गेले, आणि माझा शहाणपणा तिथं सगळ्यांना रंगवून सांगून आले.

दुसऱ्या दिवशी ते हरले. तिसऱ्या दिवशीही. सवय मोडली असेल, असं मी मनाशी म्हणालो.

चौथ्या दिवशी मी मागं पेपर वाचत बसलो होतो. बराच वेळ माऊसचा आवाज आला नाही म्हणून मान वर केली. चाल बाबांची होती आणि ते कॉम्प्युटरची वाट बघत बसले होते. हाताची घडी घालून, शांत. मी खोकलो, तेव्हा त्यांनी दचकून घोडा उचलला आणि सरळ प्याद्याच्या तोंडी दिला.

डाव संपला. खुर्ची न वळवता त्यांनी विचारलं, "वेग परत वाढवलास व्हय रं?"

कॉम्प्युटरला मी हातही लावला नव्हता.

"व्हय," मी म्हणालो, "कालच वाढवला."

"मग सांगून करत जा की," बाबा म्हणाले आणि त्यांनी नवा डाव मांडला.