सार्कोमाचं शेपूट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवणाऱ्या बाई रोगांची नावं फळ्यावर लिहून त्यांच्या शेपटाखाली तेवढी रेघ ओढायच्या. "हे ग्रीक आहे. आयटिस आलं की सूज. ओमा आलं की बहुतेक गाठ. एवढं पाठ करा, अर्धे रोग ओळखाल." खापरखेड्याच्या कामगार वसाहतीतून, मराठी शाळेतून आलेल्या मला त्याचा केवढा आधार वाटला होता.

त्याच हिवाळ्यात बाबांची मांडी सुजली. ते वीजकेंद्रात कोळशावर कामाला होते. नागपूरला, मी शिकत होते त्याच दवाखान्यात त्यांना भरती केलं. मांडीतला तुकडा तपासून आला तेव्हा मोठे डॉक्टर शिकाऊंना म्हणाले, "सार्कोमा." मग बाबांकडे वळून मराठीत, "सूज आहे. उतरेल. घरी जाऊन आराम करा."

सार्कोमा आमच्या फळ्यावर येऊन गेला होता. कॅन्सर. मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. "सर, ओमा म्हणजे गाठ ना?"

ते हसले. "ग्लॉकोमा डोळ्याचा आजार. त्यात कुठं गाठ असते? चार शब्द शिकलात की लगेच डॉक्टर होता तुम्ही लोक."

ते 'तुम्ही लोक' मला नीट कळलं. त्याला ग्रीक लागत नाही.

घरी बाबा ताईच्या लग्नाचं बोलू लागले. उन्हाळ्यात करू, तोवर पाय बरा होईल. मला ऐकवेना. मी सांगून टाकलं.

"काहून बोलली वं असं?" आई ओरडली.

बाबा मांडीवर हात फिरवत राहिले. "तुले समजलं, मंग त्यानं मले काहून नाही सांगितलं? मी काय लहान पोरगा आहो?"

लग्न त्यांनी लगेच वसाहतीतल्या विहारात लावलं. खुर्चीवर बसूनच त्रिशरण म्हटलं. नंतर पाय कापला, पण रोग छातीत पोचला होता. होळीआधी ते गेले.

आईनं दोष मला दिला. "तू बोलली नसती, तं तुह्या बापानं हिंमत नसती सोडली." हे ती जन्मभर म्हणत राहिली.

पुढे एकदा इतवारीत भांड्यांच्या दुकानासमोर ते डॉक्टर दिसले. आईनं पुढे होऊन दोन्ही हात जोडले. त्यांनी तिला ओळखलं नाही, नुसती मान हलवली. ती मात्र दिवसभर खूश होती.