जेस्टिना नवऱ्यापासून लांब का निजली

तुमच्या पणजीच्या आईचं नाव काय? डोकं खाजवू नका, येत नसेल तर येत नाही म्हणा. बापाकडच्या सात पिढ्या घडाघडा म्हणणारेही इथं गप्प होतात. झेल्माला मात्र गप्प बसायची सोय नव्हती. तिच्या आईची, अ‍ॅडलिनची, कबर अर्धी खणून झाली होती आणि ओबदायानं कुदळी थांबवल्या होत्या.

जमैकाच्या त्या डोंगरात कबर खणायचा दिवस म्हणजे घरचंच कार्य. पुरुष कुदळी-फावडी घेऊन येतात, रमचा पहिला घोट मातीला, दुसरा आपल्याला. बाया तीन दगडांवर बकऱ्याच्या मुंडीचं सूप चढवतात. एवढ्या सगळ्यांदेखत ओबदाया, सगळ्यांचा मानाचा 'मास', चर्चचा कारभारी डीकन, घराण्याच्या जन्म-लग्नांची नोंद असलेलं जाडजूड बायबल काखेत मारून आला.

"झेल्मा, राग मानू नकोस. आईला गावच्या दफनभूमीत ने. ही जमीन जेस्टिनाच्या लेकरांची. तुझी पणजी फीबा यात कुठंच नाही."

"तुझ्या गाढवाचं नाव आहे का त्यात?" झेल्मा म्हणाली. "रोज चरतंय इथं, म्हणून विचारलं."

खणणारे हसले. ओबदाया नाही हसला. झेल्माही आतून हसत नव्हती. आईनं शेवटच्या दिवसांत एकच गोष्ट मागितली होती: माझ्या आजीला इथली माती मिळाली नाही, मला तरी मिळू दे.

तिनं हात पुढे केला. "आण ते इकडे."

शाळा तिनं दोन इयत्तांत सोडली होती. वाचायला शिकली ती बाजारात, आल्याच्या पोत्यांवरची अक्षरं लावून लावून. पहिल्या पानावर तपकिरी शाईत टायटस, मग 'त्याची पत्नी जेस्टिना', लग्नाचं साल आणि खाली आठ लेकरं. डोंगर वसवणाऱ्या बाईबद्दल एवढंच. नवऱ्याच्या नावाला बांधलेलं नाव.

"गुलामी सुटली त्याच साली ती इथं आली, असं तू दर ऑगस्टला, मुक्तीच्या दिवशी, चर्चमध्ये छाती काढून सांगतोस. लग्न या पानावर सहा वर्षांनंतरचं आहे. मधली सहा वर्षं ती काय करत होती?"

"अविवाहित होती."

"काय करत होती, ते विचारलं मी."

 उत्तर होतं ओसरीवर बसलेल्या आंट ड्रूकडे. ओबदायाच्या बापाची ही बहीण नव्वदीची, वाटेल तेव्हाच बहिरी. लहानपणी ती जेस्टिनाच्या कुशीत झोपलेली. झेल्मा तिच्या पायाशी बसली आणि म्हातारी तुकड्या-तुकड्यानं बोलू लागली.

मळेवाल्यानं सुटका झालेल्या माणसांकडे त्यांच्याच हातांनी बांधलेल्या झोपड्यांचं भाडं मागितलं.  जेस्टिनानं कुदळ खांद्यावर टाकली आणि दिवस भरलेलं पोट घेऊन डोंगर चढली. वर नुसता दगड आणि काटे. वेचलेल्या दगडांचे बांध घातले. कोनफळाचे वाफे आजही त्याच बांधांनी धरलेत. तिच्या चुलीचा धूर बघून मागून इतर माणसं आली. टायटस तर खूपच मागून. चांगला सुतार, स्वभावानं गरीब.

"आणि फीबा?"

"हे नाव घेतलं म्हणून माझ्या आईनं मला चिमटे काढलेत पोरी. बाप कोण ते जेस्टिनानं सांगितलं नाही. पादऱ्यानं विचारलं, लग्नातली लेकरं किती? तेवढीच लिहिली. फीबा मोठी झाली, लोकांच्या नजरा सोसेनात, गेली खाली बंदरावर धुणी धुवायला. पण बाजाराला निघालं की जेस्टिनाच्या टोपलीत सगळ्यात वर एक नीरफणस असायचा. तो विकायची नाही. कुणाला गं, विचारलं तर म्हणायची, ज्याचा आहे त्याला."

"आंटी," ओबदाया नरमाईनं म्हणाला, "काल तुम्ही मला माझा बाप समजून शिव्या दिल्यात."

"शिव्या बरोबरच होत्या."

सगळे हसले आणि झेल्माच्या लक्षात आलं की हसण्यातच म्हातारीची साक्ष वाहून चाललीय. ती उठली. या जमिनीवर लेकरू जन्मलं की त्याची नाळ पुरून वर नीरफणस लावतात. झाड त्या लेकराचं. खोड पडलं तरी मुळातून फुटतं, वंशाचंच राहतं. झेल्मा एकेका झाडापाशी थांबत गेली आणि ओबदाया मागून नावं सांगत गेला. घराला लागून थोरल्या एमसचं, मग सुझॅनाचं, आठही जणांची त्याला तोंडपाठ.

खाली, बाकीच्या कबरींपासून लांब, जेस्टिनाची कबर होती. तिच्या उशाशी एक भलंथोरलं झाड.

"आणि हे?"

"ते कुणाचंच नाही. म्हणून तर त्याचे फणस सगळेच नेतात."

टायटस वर, घरापाशी निजलेला. जेस्टिना एवढ्या लांब का, याचा घराण्यात ठरलेला विनोद होता: तो घोरायचा. झेल्माही त्यावर जन्मभर हसली होती.

"मास ओबदाया, तुझी आई कुठं पुरलीस?"

"माझ्या झाडाखाली. आई थोरल्याच्याच झाडाखाली, ही आपली..."

रीत हा शब्द त्याच्या तोंडातच राहिला. त्यानं वर एमसच्या झाडाकडे पाहिलं, मग खाली कबरीकडे. मग आठ नावं बोटांवर परत मोजली. पाठांतर केलेल्या माणसाला विचार करायला वेळ लागतो. झेल्माच्या जिभेवर तीन-चार जहरी वाक्यं आली होती. ती तिनं गिळली, कारण म्हातारा वाकून कबरीवरचा पाला वेचू लागला होता.

"म्हणजे थोरली फीबा. तिनं स्वतः सांगून ठेवलं असणार, मला इथं पुरा म्हणून," तो म्हणाला. "आणि आम्ही घोरण्यावर हसत बसलो."

त्यानं कोट काढला, खणणाऱ्यांना हाक मारली. "तो खड्डा बुजवा. अ‍ॅडलिनला इथं ठेवायची, तिच्या आजीच्या झाडाखाली. मुळं सांभाळून खणा." पहिली कुदळ त्यानंच मारली.

जेवणं झाल्यावर पेन आलं. आठ नावांच्या खाली मोकळी जागा होती.

"खाली नाही," झेल्मा म्हणाली. "ती पहिली आली."

"वर टायटस आहे. जागा कुठाय?"

"त्याच्या वर आहे की."

ओबदायानं टायटसच्या डोक्यावर, कागदाच्या अगदी कडेला, लहान अक्षरांत लिहिलं: फीबा, जेस्टिनाची. आंट ड्रूनं ते त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. मग परत एकदा.

तुमच्या घरात अजून एखादी आंट ड्रू ओसरीवर बसली असेल. तिला आजच विचारा, आपल्यात या गावी पहिल्यांदा कुठली बाई आली आणि तिच्या कुठल्या लेकराचं नाव घ्यायचं नसतं. ती डाफरेल, बहिरेपणाचं सोंग घेईल. तुम्ही उठू नका.