सुभेदार पेटी भरतात

आमचे घरमालक सुभेदार वस्तूंशी बोलत. लाडाने नव्हे, दरडावून. लग्नानंतर आम्ही साताऱ्यात त्यांच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं, त्या दिवशी हातगाडीवरून एकेक सामान उतरत होतं आणि झुपकेदार मिशांचा, खाकी अर्ध्या चड्डीतला हा उंच गृहस्थ पायरीवर उभा राहून प्रत्येकाची हजेरी घेत होता. माझ्या लग्नात आहेर आलेल्या फुलदाणीपुढे ते थांबले. "काय गं, तुजं काम काय?" त्यांनी फुलदाणीला विचारलं. ती बिचारी काय बोलणार! मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हिला काम न्हाई. बसून खानार ही." मी सांगलीची, शाळेत मास्तरीण, आणि जीभ जरा धारेचीच. म्हटलं, "सुभेदार, ती खात तर नाही ना काही? मग बसू दे की." ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "पास!"

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून त्यांना घरी येऊन तीन-चारच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांचा संसार एका काळ्या ट्रंकेत आणि एका होल्डॉलमध्ये मावला, याचा त्यांना भारी अभिमान. "मानसाला हात दोन, म्हनून सामानाचं डाग बी दोन," असं ते म्हणत. "तिसरा डाग आला की हमाल आला, आन् हमाल आला की वाद आला." आम्ही माहेरी दोन दिवसांसाठी निघालो तरी ते फाटकाशी उभे राहून आमच्या पिशव्या मोजायचे आणि हताश मान हलवायचे. अशा माणसावर परदेशी न्यायचं सामान ठरवायची पाळी आली, तर तो तासाभरात हात झटकून मोकळा होईल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात आठ महिने गेले आणि तरी काही ठरलं नाही.

त्याचं झालं असं, की त्यांचा एकुलता मुलगा विलास कॅनडात इंजिनियर होता. चौऱ्याहत्तर सालच्या सुमारास त्याचं हवाई टपालाचं निळं पत्र आलं. तुम्ही दोघं आता कायमचे इकडे या, कागदपत्रं झाली आहेत, तारीख कळवा म्हणजे तिकिटं काढतो. सामानाची एक पेटी जहाजाने पाठवा, पण फार काही आणू नका, इथे सगळं मिळतं. या शेवटच्या वाक्याला सुभेदार अडखळले. "सगळं मिळतं? मग आईबाप बी तिथलंच घ्या म्हनावं, चांगलं पारखून!" आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आवाज आला, "आवं, ते ऱ्हाऊ द्या. बाळाचा फोटू हाय का त्यात?" फोटो होता. तोंडाचा आ करून उताणा पडलेला नातू. काकूंनी तो पदराने पुसला आणि तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. काकू मूळच्या तासगावकडच्या, पुण्याच्या पुढे कधी न गेलेल्या, पण त्या दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "बाई, मला काय बगायचं न्हाई त्या मुलखात. बाळ रांगायच्या आत पोचायचं, बास."

पेटी करायला हमीदमिस्त्री आले. ते सुभेदारांचे लहानपणापासूनचे दोस्त, सुतारकामात पक्के आणि बोलायला त्याहून पक्के. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं. पहिल्या यादीत सातच वस्तू होत्या. त्यातल्या तीन काकूंच्या: दोन लुगडी आणि भाकरीचा तवा.

मग रविवारी अंगणात सतरंजी अंथरून तपासणी सुरू झाली. वस्तू रांगेत मांडायच्या, सुभेदार पाठीमागे हात बांधून समोरून जाणार, मी वही घेऊन मागे. "फावडं! काम? बर्फ उपसनं. पास!" मी म्हटलं, "सुभेदार, तिकडे फावडी असतील की." ते थांबले. "बाई, तुमी बर्फ बगितला गोळेवाल्याच्या गाड्यावर. मी काश्मिरात दोन हिवाळे काढल्यात. फावडं आपल्या हाताचंच लागतंय." पुढे दोरीचं भेंडोळं. "दोरी कशाला हो?" "दोरी कशाला म्हननारा मानूसच अडचनीत सापडला की पयल्यांदा दोरी मागतो. पास!" कंदील पास झाला. घोंगडं पास. घमेलं पास. बाज आडवी बसेना म्हणून पेटीची लांबी वाढवायचं ठरलं. हमीदमिस्त्रींनी कानाची पेन्सिल काढली, पुन्हा कानाला लावली आणि म्हणाले, "सुभेदार, ही पेटी न्हाई राहिली. हिला आता खिडकी काढतो आन् कौलं टाकतो."

दुसरी पंचाईत अशी, की सुभेदारांनी पेटीत भरलेल्या सगळ्या वस्तू रोजच्या वापरातल्याच होत्या. फौजेतली शिस्त! माल पास झाला की पॅक झाला पाहिजे. त्यामुळे तवा रात्री पेटीत आणि सकाळी भाकरीची वेळ झाली की काकू पेटीपुढे. "आवं, तवा काढा." "त्यो प्याक झालाय." "मग भाकरी काय तुमच्या पाठीवर भाजू?" मग सुभेदार घोंगडं काढत, घमेलं काढत, दोरी काढत, तळातून तवा काढत, आणि जेवणं झाली की घासलेला तवा पुन्हा तळाशी जाई. हे महिनोन् महिने चाललं. काकूंच्या भावाने तासगावहून नातवासाठी बेदाणे पाठवले होते. तेही पेटीत होते. "माल टिकतोय का बगतो," म्हणून सुभेदार रोज मूठभर तपासत. तिसऱ्या महिन्यात बेदाण्यांची पिशवी रिकामी झाली आणि माझ्या यादीत त्यापुढे शेरा पडला, 'फेरमागणी'.

मी एकदा सुचवलं, की सांगलीला आमच्या विश्रामबागेत माझ्या माहेराशेजारी एका प्राध्यापकांची सून कॅनडालाच जायची आहे, तिचं सामान पुढे गेलंसुद्धा. तिथे विचारून या. सुभेदार एसटीने गेले आणि संध्याकाळच्या गाडीने लाल चेहऱ्याने परत आले. त्या घरच्या सासूबाईंनी म्हणे मुलासाठी झोपाळा पाठवला होता, आणि पितळी कड्या जहाजावर चढल्यावर लक्षात आलं की फळी माजघरातच राहिली. "ह्याला म्हनत्यात बिनयादीचं सामान!" सुभेदार विजयाने म्हणाले. "आता त्यो पोरगा कड्यास्नी लोंबकळंल का काय करंल?" या उदाहरणाने त्यांना असा काही हुरूप आला, की जुनी यादी रद्द करून त्यांनी मला नवी वही आणायला सांगितली. मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

इकडे दर दीड महिन्याने फोटो येत होते. उताणं पडलेलं बाळ पालथं झालं. मग बसलं. मग रांगायला लागलं. काकू फोटो डब्याला टेकवायच्या आणि तांदूळ निवडायला बसायच्या. विलास तारीख विचारत होता आणि सुभेदार उलटटपाली कळवत होते, 'सामानाचे काम प्रगतिपथावर आहे.' बाळ खुर्चीला धरून उभं राहिल्याचा फोटो आला तेव्हा काकू तो बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांची यादी हुस्तवर त्यो नोकरीला लागंल." त्या हसल्या, पण डोळे भरले होते.

मला राग आला. सुभेदारांचा खराखुरा राग आला. हमीदमिस्त्री फाटकातून निघाले होते, त्यांना गाठून म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या दोस्ताला सांगा की काहीतरी." ते म्हणाले, "बाई, तीनदा पेटी खोलली आन् तीनदा जोडली. माझ्या तवाच ध्यानात आलं. जानारा मानूस पेटीचं माप घेत न्हाई. ह्यो काय जात न्हाई बगा." मी तशीच काकूंकडे गेले. त्या निवडणं-टिपणं करत होत्या. मी सांगितलं त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. "मला ठावं हाय की. अठ्ठावीस वरसं दुसऱ्याच्या हुकमावर उठला-बसला त्यो मानूस. आता कुटं ह्या घरात पाय पसरून बसलाय, तर पोरगा म्हनतोय उठा. जायला जीव न्हाई व्हईत त्यांचा. पन फौजेत त्यास्नी 'जी साब' म्हनायला शिकवलं, 'न्हाई' म्हनायला शिकवलंच न्हाई. मग काय करतील? यादी करत्यात." मी विचारलं, "आणि तुमचं काय, काकू?" त्या तांदळातला खडा काढत म्हणाल्या, "माझं बगते मी."

आणि बघितलंच त्यांनी. पुढचा फोटो तीनचाकी सायकलवरचा होता. त्या दुपारी काकू माझ्याकडे आल्या आणि मला पत्र लिहायला बसवलं. 'मी एकटी येते. ह्यांचं सामान झालं की हे येतील.' विश्रामबागेतली ती सून पुढच्याच महिन्यात निघणार होती, तिची सोबत ठरली. रात्रीच्या जेवणात वाढता वाढता काकूंनी सुभेदारांना सांगितलं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर मी भिंतीला कान लावला होता.

"एकटी? आगं, पुन्याच्या फुडं कवा गेलीस तू?"

"तुमी तर समदा मुलूख फिरलासा. काय झालं? बसलायसा न्हवं पेटीफुडं?"

सुभेदारांनी भाकरी मागितली.

निघताना काकूंजवळ एक कापडी पिशवी होती. तवा त्यांनी पेटीतून काढून चुलीवर ठेवला होता. "मी न्हेला तर ह्ये खातील काय?" एसटी स्टँडवर सगळी गल्ली आली. काकू खिडकीत बसल्या आणि गाडी सुटेपर्यंत सूचना देत राहिल्या, पीठ कुठे आहे, दूधवाल्याला काय सांगायचं, गुडघ्याला तेल कुठलं लावायचं. सुभेदार ताठ उभे होते. गाडी वळली, धूळ खाली बसली, लोक पांगले, तरी ते तसेच उभे. शेवटी हमीदमिस्त्रींनी दंडाला धरून त्यांना घरी आणलं.

पहिले दोन दिवस त्यांनी जोरात तपासणी घेतली. तिसऱ्या दिवसापासून अंगणात आवाज नाही. मी डोकावले तर पेटी उघडीच होती आणि हे पायरीवर बसून. मी जेवणाचं ताट पाठवायचे, ते अर्धं परत यायचं. एकदा स्वतः भाकरी करून बघितली, ती कुत्र्यानेही हुंगून सोडली. असे दहा-बारा दिवस गेले असतील. एक दिवस मी शाळेतून येत होते तर फाटकाशीच मला थांबवून म्हणाले, "बाई, येक इचारू? मी रजा संपवून निघायचो, तवा वाटायचं जानाऱ्याचंच लय अवघड असतंय. पन गाडीत बसलं की फुडच्या ठेसनावर दोस्त भेटायचा, पत्त्याचा डाव पडायचा, गाव इसरायचो बगा. ह्यो मागं ऱ्हायाचा परकार मला ठावंच न्हवता. बारा दिस झालं तर मला घर खायला उठलंय. तिनं अठ्ठावीस वरसं कशी काढली असतील वो?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." सुभेदारांनी माझ्याकडून निळं पत्र मागून घेतलं आणि चारच शब्द लिहिले. 'मी येतो. काय आणू?' दर रजेच्या आधी ते छावणीतून काकूंना हेच लिहीत, असं मला त्यांनी पत्र चिकटवताना सांगितलं. आणि काकू शेजारच्या कुणाकडून तरी उत्तर लिहून घ्यायच्या, दर वेळी एकच: 'काही नको. तुम्ही या.' आताही तेच येईल अशी त्यांची खात्री होती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, विलासच्या अक्षरात पण बोली थेट काकूंची. बाळ चांगलं हाय, मला आज्जी म्हनतंय. हितं कोथिंबीर कुटंच मिळत न्हाई. पेरायला चांगलं धनं आना. घराच्या मागं जागा हाय, मी उकरून ठेवली.

पत्र वाचून सुभेदार पायात चपला सरकवून बाजारात गेले. चार दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी धने तळहातावर घेऊन वाण्याला दरडावून विचारलं, "उगवनार का?" पाचव्या दुकानातले पास झाले. येतानाच विलासला तार करून आले, तिकीट काढ म्हणून. तिकीट आलं, निघायचा दिवस आला. स्टँडवर पोचवायला मी आणि हमीदमिस्त्री होतो. धने रुमालात बांधून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवले होते आणि घडी घडी हात लावून बघत होते. डोळे भरून मिस्त्रींना दिसेना झालं होतं, ते उगाच एसटीचं चाक न्याहाळत होते.

त्यानंतर सुभेदार मला कधी भेटले नाहीत. पण त्या दिवशी गाडी सुटायला आली, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "सुभेदार, आठ महिने आम्हाला राबवलंत, एवढी मोठी पेटी केलीत, आणि आता पसाभर धने घेऊन चाललात?"

खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मिशीखाली हसू मावत नव्हतं.

"बाई, लगीन झाल्यापास्नं आत्ता पयल्यांदा मागितलं तिनं कायतरी."