पावाचा डेपो

हुमनाबादच्या डेपोतून माझी हैदराबादची बस सुटली तेव्हा अप्पा खिडकीखाली उभे होते. "कामून रडायलीस? येळवशीला येशीलच की," एवढंच म्हणाले. मी गेलेच नाही. थंडीतली ती अमावस्या आली की आमचं सगळं हळ्ळीखेड भज्जी-आंबील घेऊन रानात जेवायला जातं, आणि मी इथं फ्रान्समध्ये ट्रामचे ब्रेक तपासत असते.

आमच्या घरी डेपो दोनच: एक बसचा, एक अप्पांचा लाकडाचा. मराठी, कानडी, दखनी, तिन्हींत आम्ही तो शब्द आपलाच समजून वापरला. इथं कामाच्या फाटकावर तोच दिसला तेव्हा वाटलं, ह्यांनी आपल्याकडून नेला की काय! पुढं एका खेड्यात दुकानावर 'पावाचा डेपो' अशी पाटी वाचली आणि आईला फोन लावला. ती हसत सुटली. "पावाचा बी डेपो असतोय व्हय? मग लाकडं कुठं ठेवत्यात?"

सोबत काम करणाऱ्या मादलेनबाईंनी सांगितलं, शब्द त्यांचाच, लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ खाली ठेवणं. विश्वासानं कुणाकडं सोपवलेली वस्तू तेच, बँकेतली ठेव तेच, भांड्याच्या तळाशी बसलेला गाळही तेच. इंग्रजांनी तो उचलून गोदामाला लावला, मग गाड्यांना, आणि त्यांच्यामागं तो हुमनाबादेत उतरला. मी आले त्याच्या उलट्या वाटेनं.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. रान विकायचं म्हणतोय. अप्पा थकलेत, येळवशीला रानात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायला माणूस न्हाई. "अक्का, तू तर तिकडचीच झालीस. सही तेवढी दे." मला राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता.

"फोन अप्पांना दे," म्हटलं. त्यांना सांगितलं, सही मिळणार न्हाई. माझा वाटा तुमच्यापाशी ठेवलाय, सोडलेला न्हाई.

अप्पा म्हणाले, "ठेवलेलं येऊन बघावं लागतंय, बाई."

त्याच दिवशी तिकीट काढलं. तुम्ही गावात राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे लांब गेलेले, घर म्हणजे काय ते मला एवढंच कळलंय: तिथलं काम फोनवरून होत न्हाई. भावाला म्हटलं, कडबा तेवढा रानात टाकून ठेव. मी यायलेय. कोप मीच घालणार हाय.